अळंबीजवळची सातवी फेरी

एका जंगलात, ओढ्याकाठच्या मऊ मातीत मुंग्यांचे एक जुने वारूळ होते आणि त्या वारुळात अशी एक मुंगी राहत असे, जिला कोणतीही गोष्ट एकदा पाहून पटत नसे. दाणा सापडला, तर ती त्याच्याभोवती फिरून तो पलीकडूनही दाणाच आहे ना, याची खात्री करून घेई. बाकीच्या मुंग्या तिला हसत. हिच्यापुढे मधाचा थेंब ठेवला तरी ही आधी त्याची चौकशी करील, असे त्या म्हणत. मुंगीला त्या हसण्याचे फारसे वाईट वाटत नसे. पण चौकशी करणे हा आपला गुण की अवगुण, हे मात्र तिला कधी नीट ठरवता आले नव्हते.

मुलांनो, मुंग्या रांगेने चालतात हे तुम्ही पाहिलेच आहे. त्या रांग का सोडत नाहीत, हे मात्र पाहून कळत नाही. पुढे गेलेली प्रत्येक मुंगी जमिनीवर आपल्या वासाचा एक पुसट ठिपका ठेवून जाते. मागची मुंगी तो हुंगत येते आणि त्यावर स्वतःचा ठिपका ठेवते. ज्या वाटेने अधिक मुंग्या गेल्या, त्या वाटेला अधिक वास. आणि जिला अधिक वास, तीच वाट खरी, असा मुंग्यांचा पूर्वापार नियम आहे. नियम चांगला आहे. शंभरातले नव्व्याण्णव दिवस तो मुंग्यांना सुखरूप घरी पोहोचवतो. या वारुळात त्याच्या जोडीला आणखी एक रीत होती. ओझे घेऊन निघालेल्या रांगेत कोणी थांबायचे नाही. जी थांबेल तिला 'रांगमोडी' म्हणत, आणि त्या वारुळात याहून वाईट शिवी कोणाला ठाऊक नव्हती.

भाद्रपदातल्या एका रात्री ओढा फुगला आणि वारुळाच्या खालच्या दालनांत पाणी शिरले. सकाळी पाऊस थांबून लख्ख ऊन पडले होते. वाटाड्या मुंग्यांनी पहाटेच बाहेर पडून उंचावरच्या एका बेहड्याच्या मुळाशी नवे घर शोधले आणि तिथपर्यंतची वाट आखून दिली. मग प्रत्येक मुंगीने एकेक अंडे जबड्यात धरले आणि रांग निघाली. मुंग्यांच्या अंड्यांना ऊन सोसत नाही. माध्यान्हीच्या आत ती ओलसर मातीत गेली नाहीत, तर सुकून मरू लागतात. हे सगळ्यांना ठाऊक होते, म्हणून रांग भराभर चालली होती.

आपल्या मुंगीनेही एक अंडे उचलले होते. तिच्या पुढे वारुळातली सर्वांत अनुभवी म्हातारी मुंगी चालत होती, जिला सगळ्या 'मावशी' म्हणत. मावशीने याआधी तीन स्थलांतरे पाहिली होती. मागे एक बडबडी मुंगी होती. तोंडात अंडे असूनही तिचे बोलणे कसे थांबत नसे, हे कोणालाच उलगडले नव्हते.

रांग एका मोडक्या ऐनाच्या बुंध्याजवळ आली, तोच पुढे कुठेतरी जमीन हादरली. क्षणभर सगळ्या जागच्या जागी थबकल्या. मग पुन्हा चालू लागल्या. काय झाले हे मुंगीला कळले नाही, आणि तिने विचारलेही नाही. थोडे पुढे गेल्यावर वाटेच्या कडेला एक अळंबी उगवलेली दिसली. तिच्या छत्रीची एक कड कोणीतरी कुरतडली होती. कुरतडलेला भाग मुंगीला आपल्या पायासारखा वाकडा वाटला, म्हणून तो तिच्या लक्षात राहिला.

बराच वेळ चालल्यावर आणखी एक अळंबी आली. तिचीही कड कुरतडलेली होती, तशीच वाकडी. मुंगीला नवल वाटले. मग तिने स्वतःची समजूत घातली, की पावसाळ्यात जंगलात अळंब्या पुष्कळ उगवतात आणि ज्याला कड कुरतडायची आवड आहे, असा कोणीतरी किडा ती प्रत्येकीची कुरतडत चालला असेल. समजूत तशी वाईट नव्हती. पण तिसऱ्यांदा तशीच अळंबी आली, तेव्हा त्या किड्याच्या चिकाटीवर विश्वास ठेवणे तिला जड जाऊ लागले.

अळंबीच्या सावलीत एक गोगलगाय बसली होती. मुंगी जवळून जाऊ लागली तशी ती सावकाश म्हणाली, "मुंगीताई, रागावणार नसाल तर एक विचारते. सकाळपासून मी जागची हललेली नाही, आणि तुम्ही मला तिसऱ्यांदा मागे टाकता आहात. हे कसे करता?"

मुंगीने उत्तर दिले नाही, कारण रांगेबाहेरच्याशी बोलायचे तर थांबावे लागले असते. पण त्या प्रश्नाने तिच्या डोक्यात गोंधळ उडवून दिला. तिचे डोळे सांगत होते की ही जागा आपण पाहिली आहे. तिचे नाक सांगत होते की वाट खरी आहे. नुसती खरीच नव्हे, तर क्षणोक्षणी अधिक खरी होते आहे, कारण वास वाढत चालला होता. मुंगीच्या जातीला डोळे बेताचे आणि नाक तेज. डोळ्यांचे ऐकून नाकाला खोटे पाडावे, हे तिला कोणी शिकवले नव्हते. आणि गोगलगाय कितीही भली असली, तरी जिला चालण्याची सवयच नाही, तिचे चालण्याविषयीचे मत कितपत मानावे, हाही प्रश्न होताच.

तेव्हा तिने आपल्या स्वभावाप्रमाणे परीक्षा घ्यायचे ठरवले. वाटेत एक पिवळी पाकळी पडली होती. चालता चालता तिने पायाच्या टोकाने त्या पाकळीला एक बारीक ओरखडा काढला. चौथ्या खेपेला ती पाकळी आली आणि तिच्यावर ओरखडा होता. आता संशयाला जागा नव्हती, असे तुम्ही म्हणाल. मुंगीला मात्र जागा सापडली. तिच्या मनात आले, की दुसऱ्या एखाद्या मुंगीनेही दुसऱ्या एखाद्या पाकळीवर असाच ओरखडा काढला नसेल कशावरून? ज्याला चूक आहे असे मानायचेच नसते, त्याला शंकाही उपयोगी पडते.

शेवटी तिने मागच्या बडबडीला हळूच विचारले, की ही जागा ओळखीची वाटते का. बडबडी म्हणाली की सगळ्या जागा सारख्याच असतात, तिकडे लक्ष देणाऱ्याला त्या ओळखीच्या वाटतात. आणि शिवाय इतक्या जणी चालल्या आहेत, त्या काय सगळ्या खुळ्या आहेत? असे म्हणून तिने मुंगीला मागून एक ढुशी दिली.

पाचव्या खेपेला अळंबी मागे पडल्यावर मुंगीने धीर करून पुढच्या मावशीच्या पायाला आपली मिशी लावली.

"मावशी, आपण बरोबर चाललो आहोत ना?"

मावशीने मागे वळून पाहिले नाही. "माझ्या पुढची जाणती आहे," ती म्हणाली.

"तुमच्या पुढे कोण आहे?"

"जी आहे ती आहे. तिच्याही पुढे कोणीतरी असेलच."

"आणि सगळ्यांत पुढे?"

मावशीने चाल वाढवली. मग तिने मुंगीला एवढेच सांगितले, की अंडे नीट धर, ऊन चढते आहे.

ऊन खरोखरच चढत होते. सकाळी जबड्यात मऊ आणि थंड लागणारे अंडे आता कोमट झाले होते आणि त्याचे पातळ कवच किंचित सैल पडल्यासारखे वाटत होते. मुंगीला वाटले की मावशीचे ऐकावे. मग वाटले की मावशीने उत्तर दिलेच नाही, तर ऐकायचे काय? मग असेही वाटले, की तीन स्थलांतरे केलेल्या मावशीपेक्षा आपल्याला अधिक कळते असे समजणे हा शुद्ध आगाऊपणा आहे. या तिन्ही गोष्टी तिला एकाच वेळी खऱ्या वाटत होत्या. तिचे पाय मात्र चालतच होते आणि प्रत्येक पावलाला वाटेवर तिच्या वासाचा एक ठिपका पडत होता.

सहाव्यांदा अळंबी आली. या वेळी मुंगीचे लक्ष त्या ठिपक्यांकडे गेले, आणि एकाएकी तिला एक गोष्ट उमगली. आपण गप्प आहोत म्हणजे या प्रकारात आपला हात नाही, असे ती समजत होती. पण तिच्या मागच्या मुंगीला ही वाट खरी वाटत होती ती तिच्याच वासामुळे. शंका येऊनही ती चालत राहिली होती, आणि तिच्या शंकेला काही वास नव्हता.

ती रांगेतून बाहेर पडली. मागून बडबडीचा आवाज आला, "अगं, कुठे निघालीस? रांगमोडी कुठली!" आणि तिची मोकळी झालेली जागा भरून काढून रांग पुढे गेली.

मुंगी थेट गोगलगाईपाशी गेली आणि सकाळी इथे काय झाले ते तिने विचारले. गोगलगाईने जेवढे पाहिले होते तेवढे सांगितले. एक भेकर ओढ्याकडे धावत गेले आणि त्याचा पाय नेमका मुंग्यांच्या वाटेवर पडला. पुढच्या मुंग्या तशाच पुढे निघून गेल्या. मागची जी पहिली होती, तिला वाट सापडेना. ती हुंगत हुंगत बुंध्याला वळसा घालून गेली, तिच्यामागून बाकीच्या गेल्या, आणि वळसा पुरा होतो तोच त्या पहिलीला ताजा वास सापडला. तो त्यांच्याच रांगेच्या शेपटाचा होता.

"तेव्हापासून तुम्ही त्या बुंध्याभोवती फिरता आहात," गोगलगाय म्हणाली.

"पुढे गेलेल्या मुंग्या घरी पोहोचल्या का?"

"पलीकडे गेल्या एवढे मी पाहिले. पोहोचल्या की मेल्या, ते मला ठाऊक नाही. न पाहिलेले मी सांगत नाही."

मुंगीला हे उत्तर मुळीच आवडले नाही, आणि विश्वास मात्र त्याच उत्तराने बसला.

ती भेकराच्या खुराच्या खड्ड्यापाशी गेली. खड्ड्यात पाणी साचले होते. काठाकाठाने ती पलीकडे गेली आणि जमीन हुंगू लागली. बराच वेळ नुसत्या चिखलाचा वास आला. मग एका बारीक दगडाच्या कडेला आपल्या वारुळाचा वास लागला. अगदी पुसट, जेमतेम असा. तो सकाळच्या वाटेचा होता, की चार दिवसांपूर्वी चारा शोधत आलेल्या कोणा मुंगीचा? तिला सांगता येईना. पण तो चढाच्या दिशेने जात होता आणि चढावर बेहडा होता.

आता तिच्यापुढे खरी अडचण उभी राहिली. इथून ती एकटी सरळ निघाली असती, तर वाट चुकली तरी चूक तिची एकटीची. आणि साधली तर निदान तिचे अंडे वाचले असते. शिवाय कोणी तिला नावे ठेवायलाही जवळ नव्हते. परत फिरायचे, तर अंडे उन्हात आणखी ताटकळणार, साऱ्या वारुळाच्या शिव्या खाव्या लागणार, आणि ते सगळे एका अशा वासाच्या भरवशावर, ज्याची तिला स्वतःलाच खात्री नव्हती. आपण चुकलो तर दीडशे मुंग्यांना भलतीकडे नेल्याचे पाप आपल्या माथी येईल, असेही तिला वाटले. रांगेतून बाहेर पडताना तिला एवढी भीती वाटली नव्हती. रांगेकडे परत फिरायचे म्हटल्यावर मात्र ती वाटू लागली.

पण ती परत गेली. तिने आपले अंडे अळंबीच्या सावलीत ठेवले, आणि मोकळ्या जबड्याने ती वाटेवर येऊन आडवी उभी राहिली.

पहिली मुंगी तिच्यावर आदळली, दुसरी पहिलीवर, आणि बघता बघता रांगेचा गोळा झाला. कोणी ढकलत होती, कोणी पाय चावत होती. रांगमोडी, रांगमोडी, असा एकच गिल्ला झाला. अंडी सुकत असताना हिला हे काय सुचले, असे जी ती विचारू लागली. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत बडबडी पुढे आली.

"हिला नवे घर सापडले असेल," ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "आता हीच आपली वाटाडी. चला बाई, दाखवा घर."

"मला घर सापडलेले नाही," मुंगी म्हणाली.

"मग वाट तरी?"

"खड्ड्यापलीकडे एक वास आहे. तो आजचाच आहे असे मी शपथेवर सांगू शकत नाही."

हे ऐकून सगळ्या हसल्या. बडबडीने विचारले, "अगं, मग तुला माहीत तरी काय आहे?"

मुंगीने एकवार सगळ्यांकडे पाहिले. तिच्या डोक्यातला गोंधळ जराही कमी झाला नव्हता. पण त्या गोंधळात एक गोष्ट तेवढी स्थिर होती आणि तिने तीच धरली. "मला एवढेच माहीत आहे," ती म्हणाली, "की या अळंबीजवळून आपण सहा वेळा गेलो आहोत. घराच्या वाटेवर एक अळंबी सहा वेळा येत नाही."

पुन्हा हसणे सुरू होणार होते. इतक्यात मावशी पुढे आली. सगळ्यांनी तिला वाट करून दिली, कारण आता मावशी या रांगमोडीला चांगली खडसावणार, असे त्यांना वाटले. मावशीने आपले अंडे हलकेच खाली ठेवले.

"सहा नव्हे," ती म्हणाली. "सात. तू रांगेबाहेर होतीस तेव्हा आणखी एक फेरी झाली."

मग गर्दीतून एक लहानखुरी मुंगी चाचरत म्हणाली की तिनेही पाच मोजल्या होत्या, पण पुढे मोठ्या मुंग्या आहेत म्हणून ती बोलली नाही. दुसरी म्हणाली की तिला ती पिवळी पाकळी दर खेपेस दिसत होती, आणि आपले डोके फिरले की काय, अशी तिला भीती वाटत होती. बोलणाऱ्या वाढत गेल्या. ज्या रांगेत कोणालाच काही कळलेले नाही असे मुंगीला वाटत होते, त्या रांगेतल्या निम्म्या जणींना कळलेले होते. बडबडी सगळ्यांत शेवटी बोलली, आणि पहिल्यांदाच तिचे बोलणे आखूड होते. "मला वाटले, मावशींना माहीत असेल," ती म्हणाली.

"आणि मला वाटले, माझ्या पुढचीला माहीत असेल," मावशी म्हणाली. "चला आता. पुढचे बोलणे सावलीत."

आपापली अंडी उचलून, खड्ड्याला वळसा घालून सगळ्या पलीकडे गेल्या. दीडशे नाकांनी मिळून ती जमीन हुंगली, तेव्हा एका नाकाला पुसट वाटलेला वास पुरेसा ठरला. तो सकाळचाच होता. मध्येच तो दोनदा हरवला, आणि दोन्ही वेळा ज्या मुंगीला तो सापडेनासा झाला, तिने थांबून तसे स्पष्ट सांगितले. कोणी तिला रांगमोडी म्हटले नाही. सूर्य डोक्यावरून किंचित कलला असताना सगळ्या बेहड्याच्या मुळाशी पोहोचल्या. पुढे गेलेल्या मुंग्या दारातच वाट पाहत उभ्या होत्या.

अंडी ओल्या मातीत ठेवण्यापूर्वी दाई मुंग्यांनी एकेक तपासून घेतले. बहुतेक शाबूत होती. नऊ सुकली होती, आणि त्यांत एक मावशीचे होते. दाईने ते बाजूला ठेवले, तेव्हा मावशी त्याच्याजवळ जाऊन बसली. काही वेळाने आपली मुंगीही तिथे जाऊन उभी राहिली. तिचे अंडे आत गेले होते. त्याचा आनंद करावा की नाही, हे तिला समजत नव्हते.

"दुसऱ्या फेरीलाच मला कळले होते," मावशी म्हणाली. "तेव्हा हे अंडे अजून थंड होते."

मुंगीला सांत्वन करायचे होते, पण खोटे बोलवेना. तिने मनाशी हिशेब केला. गोगलगाईने विचारले ती तिसरी फेरी. चौथी पाकळीच्या परीक्षेत गेली, पाचवी मावशीच्या उत्तरात, सहावी भीतीत. सगळ्या तिला शूर म्हणत होत्या, आणि ती तीन फेऱ्या उशिरा बोलली होती. ही नऊ अंडी कोणत्या फेरीत सुकली, हे तिला कोणीच सांगू शकणार नव्हते.

"मला तिसऱ्या फेरीला कळले होते," ती म्हणाली.

मावशीने तिच्याकडे पाहिले आणि मान हलवली. मग दोघींनी मिळून ती नऊ अंडी एकेक करून बाहेर नेली.

तात्पर्य : खात्री होईपर्यंत गप्प राहणाऱ्याला वाटते की त्याने काहीच केले नाही, पण शंका मनात ठेवून सर्वांबरोबर चालणारा चुकीची वाट आपल्याही पावलांनी पक्की करत असतो. जेवढे पाहिले तेवढेच, पण वेळेवर बोलावे. रोजच्या जगण्यात धैर्य आणि नीती यांना याहून मोठी संधी क्वचितच मिळते.